सलूनच्या आरशाने न पाहिलेला रंग

मित्रांनो, तुम्ही रोज माझ्याकडे बघता, पण मला कधीच बघत नाही. बघता ते स्वतःला. त्याबद्दल माझी तक्रार नाही, माझं कामच तसं आहे. मी एका सलूनमधला जुना आरसा. उंचीने दारापेक्षा थोडा कमी, रुंदीने दोन खुर्च्यांना पुरेल एवढा. माझा डावीकडचा खालचा कोपरा काळवंडला आहे. तिथे तोंड दिसलं तर धडधाकट माणसालाही आपण आजारी आहोत असं वाटतं. 'हातच्या कांकणाला आरसा कशाला' अशी तुमच्यात एक म्हण आहे. आमच्या वाट्याला एवढी एक ठसठशीत म्हण आली, आणि तीही आमची गरज नाही हे सांगायला. त्यामुळे कशात फार जीव गुंतवायचा नाही, हे मी लवकर शिकलो.

आरशाला मत नसतं. समोर आलं ते दाखवायचं, गेलं की सोडून द्यायचं. चाळीस वर्षं मी असाच वागलो. फक्त एकदा मला वाटलं की आपल्याला बोलता आलं असतं तर बरं झालं असतं. तीच गोष्ट सांगतो.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. आधी मी नुसती काच होतो. माझ्यातून पलीकडची भिंत, तिच्यावरचा पंखा, पंख्याखाली डबा खाणारे कामगार असं सगळं आरपार दिसायचं. मग दोन बायकांनी मला आडवं घालून धुतलं, पुसलं, पाठीवर चांदीचं पाणी ओतलं आणि त्यावर लाल रंगाचा हात फिरवला. त्या घटकेपासून पलीकडचं दिसायचं बंद झालं आणि अलीकडचं दिसू लागलं. त्याच काचेच्या उरलेल्या तुकड्यातून माझा धाकटा भाऊ निघाला.

मालकांच्या वडिलांनी आम्हां दोघांना गादीत गुंडाळून हातगाडीवरून आणलं. मला खुर्च्यांसमोरच्या भिंतीवर लावलं आणि धाकट्याला खुर्च्यांमागच्या भिंतीवर, बरोबर माझ्यासमोर. सलूनमध्ये असे समोरासमोर दोन आरसे लागतातच. गिऱ्हाइकाला आपली मान मागून कशी दिसते ते कळायला हवं ना. त्यामुळे झालं काय, की धाकटा माझ्यात आणि मी धाकट्यात. खुर्चीत एक माणूस बसला की माझ्यात त्याच्यामागे दुसरा, दुसऱ्यामागे तिसरा, अशी अंधुक होत जाणारी रांग दिसायची. रडणारी लहान मुलं ही रांग मोजता मोजता गप्प व्हायची. कात्री मालकांची चालायची आणि कौतुक आमचं व्हायचं.

वडील गेल्यावर दुकान मालकांकडे आलं. मी पुष्कळ पाहिलं. पहिली मिशी पाहिली, ती पांढरी झालेलीही पाहिली. नोकरी मागायला निघालेली पोरं माझ्यासमोर नम्र चेहऱ्याची तालीम करायची. डावीकडचे चार केस उजवीकडे नेऊन टक्कल झाकणारे किती आले त्याला गणतीच नाही. मग रस्त्यापलीकडे दिव्यांच्या आरशांची नवी सलून झाली आणि आमच्याकडची गर्दी ओसरली. माझा कोपरा काळा पडू लागला. मालकांनी तिथे कंगव्यांचा पेला ठेवून दिला. आजार झाकायचा हाही एक मार्ग आहे.

दुकानाच्या मागे एकच खोली. तिला खिडकी नाही, उजेड येतो तो दुकानातून, दाराच्या पडद्याला गाळून. तिथे मालक, मालकीणबाई आणि त्यांची तेरा वर्षांची मुलगी राहतात. मुलीला सगळे बारकी म्हणतात. बारकीला पाच वर्षांपासून काहीतरी पाळायचं होतं. मांजर झालं, कुत्रा झाला, ससा झाला. आईचं उत्तर ठरलेलं.

"माझा जन्म केस झाडण्यात गेला. तुझ्या बाबांच्या सदऱ्यावर केस, अंथरुणात केस, चहात केस. केस गळणारं जनावर मला घरात नको म्हणजे नको."

बारकी चिवट. आईचं वाक्य तिने मनात धरून ठेवलं. तेरावा वाढदिवस झाला त्या दिवशी तिचा मामा जाळीचा एक उंच पिंजरा घेऊन आला. त्याच्या ओळखीचा एकजण रंग बदलणारे सरडे घरीच वाढवायचा, त्याच्याकडून आणलेला. पिंजऱ्यात एक हिरवी कुंडी होती आणि तिच्या फांदीवर वीतभर लांबीचा एक जीव शेपटी गुंडाळून बसला होता.

"आई," बारकी म्हणाली, "याला एकही केस नाही."

मालकीणबाईही कच्च्या नव्हत्या. म्हणाल्या, "ठीक आहे. महिनाभर बघते. जनावराचे हाल झाले तर ज्याचं त्याला परत. घरात कुणाचे हाल झालेले मला बघवत नाहीत."

मालक पिंजऱ्याभोवती दोन फेऱ्या मारून आले. "आपल्या धंद्याला याचा काही उपयोग नाही," ते म्हणाले. "तुळतुळीत आहे." म्हणून त्याचं नाव तुळतुळ्या पडलं.

आता पिंजरा ठेवायचा कुठे हा प्रश्न आला. सरडेवाल्याने बजावलं होतं की याला सकाळचं ऊन हवंच. मागच्या खोलीत उन्हाचा कवडसाही नाही. दुकानाच्या दारात ठेवावं तर गाड्यांचा धूर आणि मांजरांची ये-जा. ऊन येणारी सुरक्षित जागा घरात एकच होती. धाकट्याच्या खाली टॉवेल ठेवायची फळी होती, तिच्यावर सकाळी तीन तास छान ऊन पडायचं. टॉवेल हलले आणि पिंजरा तिथे गेला, धाकट्याला पाठ लावून आणि माझ्याकडे तोंड करून. कुणी मुद्दाम केलं नाही. चांगलं करायला गेले आणि हे झालं.

बारकीने त्या जिवासाठी काय केलं नाही ते विचारा. पहिल्या दिवशी तिने बशीत पाणी ठेवलं. तुळतुळ्याने बशीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिने सरडेवाल्याला फोन केला तेव्हा कळलं की साचलेलं पाणी त्याला पाणी वाटतच नाही. पानावरचा हलता थेंब दिसला तरच तो पितो. मग फवारा आला. मालकांनी आपली दुकानातली बाटली पुढे केली, तर बारकी म्हणाली की तिच्यात साबणाचा वास आहे, नवी हवी. नवी आणली. मालक रोज सकाळी पानांवर फवारा मारताना विचारायचे, "पाणी गार नाही ना साहेब?" तीस वर्षांची सवय, जाणार कुठे.

खायला जिवंत रातकिडे लागत. ते एका डब्यात राहत आणि संध्याकाळ झाली की सूर लावत. बारकी त्यांच्यावर कॅल्शियमची पावडर हलकेच भुरभुरायची, मालक केस कापून झाल्यावर गिऱ्हाइकाच्या मानेला लावतात तशीच. शिवाय तिने सगळ्यांना ताकीद दिली होती की तुळतुळ्याला हात लावायचा नाही, तो कुरवाळून घेणारा प्राणी नाही. हे मालकांना फार जड गेलं. डोकं दिसलं की त्यांचा हात आपोआप जातो.

आणि तुळतुळ्याचे रंग. पहिल्या सकाळी ऊन आलं, मी उजळलो, धाकटा उजळला आणि त्याच्या अंगावर पिवळे पट्टे उठले. मग निळे ठिपके, मग काळ्या रेघा. तो अंग चपटं करून फुगला, तोंड उघडून डुलू लागला. शेजारचे घड्याळजी दाढी करून घ्यायला बसले होते, ते अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून उठले.

"अरे, मला बघून खूश झाला तो."

"तुला बघून कोण खूश होणार," मालक म्हणाले. "नवी जागा आवडली त्याला."

बातमी पसरली. पंधरा दिवसांत दुकान पुन्हा भरू लागलं. लोक पोरांना घेऊन रंग बघायला यायचे आणि आलोच आहोत तर म्हणून केस कापून जायचे. मालक कधी नव्हे ते शीळ घालू लागले.

मित्रांनो, मला मात्र तो वेगळा दिसला. माझ्यासमोर भांडणाची तयारी करून गेलेली पोरं मी पाहिली आहेत. छाती फुगवायची, आडवं व्हायचं, दात दाखवायचे. तुळतुळ्या तेच करत होता. माझ्यातल्या सरड्याला तो सांगत होता, चालता हो. माझ्यातला सरडा त्याला तेच सांगत होता. मी काय करणार, मी जसंच्या तसं दाखवलं.

त्याचे डोळे तर तुम्ही पाहिलेच असतील, दोन डोळे दोन दिशांना फिरतात. माणूस एका वेळी एकाच आरशात बघतो. हा एका डोळ्याने मला बघायचा आणि दुसऱ्याने धाकट्याला. पुढे शत्रू, मागे शत्रू, आणि त्या प्रत्येकाच्या मागे आमची ती जुनी रांग. लहान मुलांना हसवणारी रांग त्याच्यासाठी फौज झाली होती. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात. याची तर पिंजऱ्याच्या जाळीपर्यंतच होती. लोक टाळ्या वाजवत होते आणि मी रोज सकाळी तीन तास एका जिवाला घाबरवत होतो. मला ते समजत होतं. मला वाईट वाटलं, हे सरळच सांगतो.

तिसऱ्या आठवड्यात रंग मावळले. तुळतुळ्या मातकट, मग जवळजवळ काळा दिसू लागला. डोळे खोल गेले. रातकिडा समोरून चालत गेला तरी तो जीभ काढेना. बारकी शाळेतून आली की दप्तर न उतरवता पिंजऱ्यापाशी यायची आणि उरलेले रातकिडे मोजायची. सकाळी पाच सोडले असतील तर संध्याकाळी पाचच.

"त्या किड्यांनी तेवढं बाळसं धरलंय," मालकीणबाई म्हणाल्या. मग मुलीचा चेहरा बघून आवाज उतरवून म्हणाल्या, "बाळ, महिना संपायला आठ दिवस आहेत. तो आपल्याकडे सुखात नाही. देऊन टाकू या."

"त्या माणसाकडे पण असाच उपाशी राहिला तर?" बारकी म्हणाली. "मी काय चुकतेय तेच कळत नाहीये."

दुसऱ्या दिवशी बारकी पिंजऱ्यावर चादर घालून त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. परत आली ती रडून आलेली होती. डॉक्टरीणबाईंनी सगळं विचारलं. पाणी बरोबर, खाणं बरोबर, ऊन बरोबर, हाताळणं नाही. शेवटी त्या म्हणाल्या होत्या की याने कुणाची तरी दहशत घेतली आहे, घरात दुसरा सरडा आहे का? बारकी नाही म्हणाली. "मग नीट शोध," त्या म्हणाल्या. "असाच आणखी आठवडाभर राहिला तर माझ्याही हातात काही उरणार नाही."

"आपल्याकडे कुठला आलाय दुसरा सरडा," मालक म्हणाले.

मी चाळीस तरी दाखवत होतो. पण मला तोंड कुठे आहे.

बारकीला वाटलं, गर्दीनेच तो घाबरत असेल. तिने पुठ्ठ्यावर 'कृपया पिंजऱ्याजवळ उभे राहू नये' असं लिहून टांगलं. मालकांनी ते कसोशीने पाळलं, अगदी मोठमोठ्या माणसांना मागे सारलं. फरक पडला नाही.

मग सुट्टीचा दिवस आला. दर तीन महिन्यांनी अशा एखाद्या सुट्टीला मालक आम्हां दोघांना आंघोळ घालतात. खडूची पूड पाण्यात कालवायची, फडक्याने आमच्या अंगभर फासायची, सुकू द्यायची आणि मग जुन्या वर्तमानपत्राने घासून काढायची. ही त्यांच्या वडिलांची पद्धत. त्या सकाळी त्यांनी आम्हांला पांढरं फासलं आणि तेवढ्यात घड्याळजी गप्पा मारायला आले. बरोबर त्यांची दोन नातवंडं. गप्पा लांबल्या, आम्ही तसेच राहिलो.

खडू लावला की मला काही दिसत नाही. त्यामुळे पुढचं मी फक्त ऐकलं. नातवंडं खुर्ची गरागरा फिरवत होती. घड्याळजी मोठ्याने वर्तमानपत्र वाचत होते. आणि मग टप् असा एक ओला आवाज झाला. बारकी हळूच म्हणाली, "खाल्ला." थोड्या वेळाने पुन्हा तोच आवाज. मग तिचा आवाज आला, अगदी दबका. "बाबा, तो हिरवा झालाय. सगळा हिरवा."

"पोरं एवढा दंगा करतायत आणि हा जेवतोय?" मालक म्हणाले. "बघितलंस, गर्दीचं काही नव्हतं." आणि खुशीतच त्यांनी वर्तमानपत्राचा बोळा करून माझ्यावर पहिला हात फिरवला.

मला पट्टाभर दिसू लागलं. फळी दिसली, जाळी दिसली, बारकीचं हसू दिसलं. तुळतुळ्याही दिसला, पण तोवर त्याच्या मानेवर काळी रेघ चढली होती. मी बघायला लागलो तेवढ्यात हिरवा गेला.

"बाबा, थांबा," बारकी म्हणाली.

ती फळीपाशी गेली. गुडघे वाकवून तिने पिंजऱ्याशेजारी हनुवटी टेकवली आणि तुळतुळ्या बघत होता तिकडे बघितलं. पुसलेल्या पट्ट्यातून मी तिला तुळतुळ्या दाखवला. मग तिने स्वतःच हाताने धाकट्यावरचा खडू थोडा पुसला आणि पुन्हा हनुवटी टेकवून दोन्हीकडे पाहिलं.

"बाबा, इकडे या. वाका खाली. इथे हनुवटी टेकवा."

आयुष्यभर दुसऱ्यांच्या हनुवट्या धरून माना वळवलेल्या त्या माणसाने आपली हनुवटी टॉवेलच्या फळीवर टेकवली. त्यांच्या चेहऱ्यावरची खुशी गेली.

"अरे देवा," ते म्हणाले. "आणि मी तिकीट लावायच्या बेतात होतो."

पण बारकीने आरसे काढा म्हटल्यावर मात्र ते बिथरले. आधी आम्हां दोघांवर टॉवेल टांगून पाहिले. गिऱ्हाइकं दर मिनिटाला माझ्यावरचा बाजूला सारत आणि दर मिनिटाला तुळतुळ्या काळा पडे. दोन दिवस तसे गेले. तिसऱ्या दिवशी मालक चिडून म्हणाले, "सलूनमधून आरसाच काढायचा? उद्या म्हणशील, कात्रीच्या आवाजाने त्याची झोप मोडते. वडिलांनी लावलेले आरसे आहेत ते."

उत्तर मालकीणबाईंनी दिलं. पडद्यातून बाहेर येऊन त्यांनी पदराला हात पुसले.

"हाल झाले तर परत, असं मी म्हणाले होते. हाल करणारं कोण ते आता सापडलंय. घरातून कुणाला हलवायचं ते तुम्ही ठरवा."

मालकांनी त्याच दुपारी स्क्रू-ड्रायव्हर आणला. माझे पितळी स्क्रू भिंतीत असे रुतले होते की पहिला निघायलाच पाव तास लागला. मी सुटलो तेव्हा मागे जुन्या, फिक्या निळ्या रंगाचा चौकोन राहिला. तो मालकांच्या वडिलांनी दिलेला रंग होता. मालकांनी त्याच्यावर एकदा हात फिरवला आणि मग ते बारकीला म्हणाले, "धर खालून, निसटेल."

धाकट्याला घड्याळजी घेऊन गेले. चाळीस वर्षं आम्ही एकमेकांत बघत आलो. मी कसा दिसतो हे मला त्याच्यामुळे ठाऊक होतं. आता ते सांगणारं कुणी नाही. त्याची मला अधूनमधून आठवण येते.

दुकानात आता हातातले दोन आरसे आहेत. केस कापून झाले की मालक एक गिऱ्हाइकाच्या हातात देतात. लोक कुरकुरले. घड्याळजी म्हणाले, "अरे, समोर आरसा नाही तर तू काय कापतोयस ते मला कसं कळणार?"

"तुझ्या डोक्यावर कापण्यासारखं राहिलंय काय," मालक म्हणाले. "डोळे मिटून बस." ते बसले. बाकीचेही बसायला शिकले. रस्त्यापलीकडे गेले ते गेले, पण फार नाही गेले.

मला मागच्या खोलीत लावलं आहे. पडद्याकडे माझी बाजू आहे, त्यामुळे दुकान दिसत नाही. सकाळी मालकीणबाई माझ्यासमोर बसवून बारकीची वेणी घालतात, तेवढंच माझं काम. बाकी मी ऐकतो. दुसऱ्याच दिवशी टप् असा आवाज आला होता. आठवड्याने त्याचे खोल गेलेले डोळे पुन्हा वर आले असं बारकी सांगत होती. महिना कधीच उलटला, मालकीणबाईंनी तो विषय काढला नाही. उलट परवा त्या बाहेर रातकिड्यांच्या डब्याशी बोलताना ऐकल्या. "आज जरा कमी ओरडा," म्हणत होत्या, "तो झोपलाय."

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी काही मागायची पद्धत आहे, म्हणून मागतो. तुम्हीही कधी एखादा मुका जीव घरी आणाल. त्याला पाणी द्याल, खाणं द्याल, उत्तम जागा द्याल. एवढं सगळं बारकीनेही दिलं होतं. ते झालं की एकदा त्याच्या शेजारी हनुवटी टेकवा आणि तिथून आपलं घर बघा. आणि त्याचे रंग बघून टाळ्या वाजवण्याआधी, ते कशामुळे उठले आहेत ते विचारा.

माझ्यासमोर आलेला एकही चेहरा मी आजवर खोटा दाखवला नाही. पण तुळतुळ्याचा खरा रंग मला कधी दिसला नाही. मी असलो की तो नसतो. बारकी म्हणते, कोवळ्या पानासारखा आहे. मालक म्हणतात, छे, पोपटासारखा. मी दोघांचं ऐकून घेतो.

काल बारकी धावत आत आली. तुळतुळ्याने कात टाकली होती. जनावर सुधारलं, वाढायला लागलं की टाकतं म्हणे. आईला दाखवायला तिने कातीचा एक तुकडा तळहातावर आणला होता. मालकीणबाई चुलीपाशी होत्या, म्हणून ती आधी माझ्यासमोर उभी राहिली आणि तिने हात वर केला. कागदासारखा पातळ, पांढरा तुकडा होता, त्याच्यावर बारीक बारीक खवले. मी नीट पाहिलं. हिरवा त्यात कुठेच नव्हता.

जेवढं समोर आलं तेवढं मी दाखवलं.